मातीच्या कोऱ्या कुंड्यांना जुनेपण : बाहेर टिकणारा खरखरीत रंगलेप कसा द्यावा?

कुंडीवेडी (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे भाजलेल्या मातीच्या, अजून रंग न लागलेल्या काही कुंड्या आहेत. त्यांचा एकसारखा विटकरी रंग आणि गुळगुळीत अंग पाहिले की त्या अगदी नव्या आहेत हे लगेच कळते. वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या कुंड्यांना जे रूप येते, म्हणजे ठिकठिकाणी विटलेला पांढरट थर, काठाखालच्या खाचेत साचलेली काळपट छटा, हाताला जाणवणारा खरखरीतपणा आणि मधूनच दिसणारा मूळ मातीचा रंग, ते मला या कुंड्यांना रंगकामातून द्यायचे आहे.

याबाबत दोन तऱ्हांचे सल्ले वाचनात आले. एक म्हणजे अॅक्रिलिक रंगात खाण्याचा सोडा मिसळून तो जाडसर थापायचा. दुसरा म्हणजे चुन्याचा पातळ हात देऊन तो अर्धवट पुसून काढायचा. दोन्हींची छायाचित्रे सुंदर दिसतात, पण ती काम संपल्याबरोबर काढलेली असतात. रोज पाणी घातल्यावर काही महिन्यांनी त्या कुंड्यांचे काय झाले, हे कोठेच सांगितलेले नाही. निम्म्या कुंड्या उघड्यावर, ऊन-पावसात राहतील आणि उरलेल्या घरात खिडकीजवळ. दोन्हींसाठी एकच पद्धत चालेल का? पोत आणण्यासाठी रंगात नेमके काय मिसळावे? आणि तिसरी शंका अशी की अशा बऱ्याच कामांत जुनेपण सगळीकडे सारखेच पसरलेले दिसते, त्यामुळे ते खरे वाटत नाही. ते टाळण्यासाठी काय करावे?

चुनखडी

आपण विचारलेल्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी पाणी आहे, म्हणून आधी कुंडीतले पाणी कसे फिरते ते पाहू. भाजलेली पण झिलई न दिलेली माती सच्छिद्र असते. कुंडीत घातलेल्या पाण्याचा काही भाग तिच्या भिंतीतून हळूहळू बाहेर येतो आणि बाहेरच्या अंगावरून उडून जातो. जाताना तो जड पाण्यातला कॅल्शियम आणि खतांमधले क्षार पृष्ठभागावर सोडतो. जुन्या कुंडीवरचा पांढरा लोणा म्हणजे हेच साचलेले क्षार होत. याचाच अर्थ असा की ज्या पाण्यामुळे कुंडीला खरे जुनेपण येते, तेच पाणी आपल्या रंगालाही आतून ढकलत असते. बाहेरून रंगाचा सलग, घट्ट पापुद्रा चढवला, की ओल त्याच्या पाठीमागे अडते, क्षारांचे स्फटिक तेथेच तयार होतात आणि रंग आधी फुगतो व मग त्याचे पोपडे निघतात. हा दोष रंगाच्या दर्जाचा नसतो; महागडा रंगही तसाच सुटतो.

म्हणून ज्या कुंडीत थेट माती भरून झाड लावायचे आहे आणि जी उघड्यावर राहणार आहे, तिच्यासाठी माझे मत निःसंशय चुन्याच्या बाजूने आहे. चुन्याचा थर पापुद्रा धरत नाही. विरलेला, म्हणजे पाणी घालून शमवलेला, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीत बदलतो आणि मातीच्या छिद्रांत रुजून बसतो, पण वाफेचा मार्ग बंद करत नाही. काळाच्या ओघात तो पोपड्यांनी निघत नाही, तर पिठासारखा झिजत जातो, आणि आपल्याला हवे असलेले रूप त्या झिजण्यातूनच येते.

कृती अवघड नाही, मात्र घाई केलेली तिला सोसत नाही. चुना विरलेलाच आणावा. कळीचा चुना घरी विरवू नये, कारण पाणी पडताच तो उकळून उडतो. विरलेल्या चुन्याची भुकटी पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवावी, सकाळी कापडातून गाळून घ्यावी आणि दुधाइतकी पातळ करावी. कुंडी खरखरीत पॉलिशपेपरने सगळीकडून घासून, धूळ झटकून, पाण्याने चांगली भिजवून घ्यावी. ती ओलसर दिसली पाहिजे, पण अंगावर पाणी साचलेले नसावे. कोरड्या कुंडीवर चुना लावला तर माती त्यातले पाणी क्षणात शोषून घेते, चुन्याला पकडायला वेळच मिळत नाही आणि वाळल्यावर तो बोटाला लागतो. लावताना हा थर जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळताना पांढरा होतो. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे पुष्कळजण पहिलाच हात जाड देतात व त्याला भेगा पडतात. दोन-तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हातानंतर किमान एक दिवस जाऊ द्यावा आणि तेवढा काळ कुंडी सावलीत ठेवून मधूनमधून तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा.

चुना तीव्र अल्कधर्मी असतो. त्याच्या संपृक्त पाण्याचा सामू १२च्या वर जातो, त्यामुळे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. तो डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

पोतासाठी पहिल्या हातात चुन्याइतकीच संगमरवराची वस्त्रगाळ पूड किंवा चाळलेली बारीक वाळू मिसळावी, मिश्रण सरबरीत ठेवावे आणि ते ब्रशने ओढण्याऐवजी जाड कापडाच्या बोळ्याने टेपत जावे. हा थर पातळच असू द्यावा, कारण जाड गिलावा कुंडीच्या वक्र अंगावर फार काळ टिकत नाही.

रंगपोत

चुनखडी यांनी उघड्यावरच्या कुंड्यांबाबत जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. घरातल्या कुंड्यांसाठी मात्र अॅक्रिलिक रंग सोडून देण्याचे कारण नाही. अट एवढीच की त्या कुंडीचा उपयोग बाहेरच्या आवरणासारखा करावा आणि झाड आतल्या प्लॅस्टिकच्या कुंडीत ठेवावे. मग मातीच्या भिंतीला आतून ओल लागत नाही आणि रंगाला ढकलणारे काही राहत नाही. आतली कुंडी पाणी घालताना बाहेर काढावी आणि निथळल्यावरच परत ठेवावी, म्हणजे तळाशी पाणी साचणार नाही. कुंडीच्या आतून जलरोधक लेप देण्याचाही एक मार्ग आहे, पण तसे केल्यावर ती मातीची कुंडी राहतच नाही : तिच्यातली माती पूर्वीपेक्षा उशिरा वाळते आणि जुन्या सवयीने पाणी घालत राहिल्यास मुळे कुजतात.

आता आपल्या तिसऱ्या शंकेकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने या कामाचे सगळे कौशल्य तेथेच आहे. जुनेपण सगळीकडे सारखे दिसते याचे कारण असे की रंगवणारा कुंडीकडे सपाट कागदासारखे पाहतो आणि स्पंज घेऊन ती सर्वांगाने ठिपक्यांनी भरत जातो. खरी जुनी कुंडी हातात घेऊन पाहा. काठाचा वरचा कंगोरा हात लागून आणि पाऊस बसून झिजलेला असतो, म्हणून तेथे मूळ माती उघडी दिसते. काठ जेथे अंगाला मिळतो त्या खाचेत धूळ आणि ओल अडकते, म्हणून ती जागा सर्वांत गडद असते. काठावरून ओघळलेल्या पाण्याच्या उभ्या रेघा अंगावर उतरतात, वर रुंद आणि खाली निमुळत्या. बुडाशी, म्हणजे खालच्या दोन-तीन बोटांच्या पट्ट्यात, जमिनीवरून उडालेली माती आणि शेवाळाची हिरवट झाक असते. क्षारांची पांढरी कड बहुधा आडव्या, वेड्यावाकड्या रेषेत उमटते, कारण ओल जेथपर्यंत चढून वाळते तेथे ती थांबते. सावलीकडची बाजू हिरवी, उन्हाकडची फिकट. रंग लावण्यापूर्वी कुंडीची एक बाजू उन्हाची आणि एक सावलीची असे मनाशी ठरवून घ्यावे आणि शेवटपर्यंत त्याला धरून राहावे. एवढे केले तरी अर्धे काम साधते.

थर मी या क्रमाने देतो. आधी कुंडी कोरडी, स्वच्छ आणि पॉलिशपेपरने घासलेली असावी. पहिला थर पोताचा : फिकट राखाडी किंवा मातकट पांढऱ्या मॅट अॅक्रिलिक रंगात बारीक वाळू किंवा दगडाची पूड दह्याइतके घट्ट होईपर्यंत मिसळतो आणि जुन्या, केस ताठ झालेल्या ब्रशने उभा-आडवा थोपटत लावतो. सगळी कुंडी झाकत नाही, कारण मधल्या उघड्या जागाच पुढे खऱ्या वाटतात. हा थर पूर्ण वाळला की गडद तपकिरी रंग पाण्यात इतका पातळ करतो की तो गढूळ पाणीच वाटावा, आणि तो एका वेळी तळहाताएवढ्या भागावर लावतो.

यानंतरचे काम लक्ष देऊन करण्याचे आहे. लावलेले पाणी लगेच पुसू नये. त्याची चमक जाऊन ते मंद दिसू लागेपर्यंत थांबावे आणि मग ओलसर सुती कापड बोटाभोवती घट्ट गुंडाळून वरून खाली अलगद ओढावे. कापड ताणलेले असल्यामुळे उंचवट्यांवरचा रंग तेवढा उचलला जातो आणि वाळूच्या कणांमागे, चाकावर उमटलेल्या आडव्या वळ्यांत आणि काठाखालच्या खाचेत तो तसाच राहतो. सैल बोळा वापरला तर तो खाचांतही शिरतो आणि सगळे सपाट करून टाकतो. दोन ओढींच्या मधे कापडाची जागा बदलत राहावे, नाहीतर उचललेला रंग पुन्हा तेथेच माखला जातो. ओघळ हवे असतील तर त्याच पातळ रंगाचा एक थेंब काठाखाली सोडून तो आपल्या वजनाने खाली जाऊ द्यावा. ब्रशने काढलेला ओघळ कितीही सफाईने काढला तरी ओढलेलाच दिसतो.

शेवटी कोरड्या ब्रशचा हात. ब्रशला पांढरा रंग लावून तो जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाकावा आणि मग पोतावरून नुसता फिरवावा, म्हणजे फक्त कणांच्या माथ्यांवर पांढरे उमटते. येथे हात आवरता घ्यावा, कारण पांढरे जास्त झाले की आधीची सगळी खोली जाते. वर काही लावायचेच असेल तर मॅट वॉर्निश लावावे. चकाकी आली की मेहनत वाया जाते.

परसबाग

खाण्याच्या सोड्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण हा सल्ला फार पसरला आहे. सोड्यामुळे रंग घट्ट आणि खडूसारखा मंद होतो, हे खरे. पण सोडा पाण्यात विरघळतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९६ ग्रॅम सोडा विरघळू शकतो. याउलट प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट झाल्यावर जे जिप्सम बनते ते लिटरला दोन-अडीच ग्रॅमच विरघळते, आणि चुनखडीची पूड तर जवळपास विरघळतच नाही. कोरड्या खोलीतल्या शोभेच्या भांड्याला सोडा चालेल. ज्या वस्तूला रोज आतून ओल आणि बाहेरून पाऊस लागणार आहे तिच्या रंगात विरघळणारा क्षार स्वतःच्या हाताने मिसळण्यात काय हशील, ते मला समजत नाही. प्लास्टरही उघड्यावर हळूहळू मऊ पडते. फळ्यावर लिहिण्याचे खडू कुटून घालणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की त्यांतले पुष्कळसे जिप्समचे असतात. वाळू, संगमरवराची पूड किंवा चुनखडीची पूड हीच बाहेरच्या पोतासाठी योग्य भर होय.

रंगाला तडे गेल्याचा भास आणण्यासाठी दोन रंगांच्या मधे लाकूडकामाचा पांढरा गोंद लावतात, त्यालाही हीच मर्यादा आहे. खालचा गोंद अजून चिकट असताना वरचा रंग आधी वाळून आकसतो आणि फाटतो, म्हणून तडे पडतात. दिसायला ते छान दिसतात, पण तो गोंद ओल लागली की पुन्हा मऊ होतो. घरातल्या कुंडीपुरतेच ते ठेवावे.

कुंडीवेडी

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बाहेरच्या कुंड्यांना चुना आणि घरातल्यांना अॅक्रिलिक, असा निर्णय मी घेतला आहे. आता पुढच्या शंका. चुन्याचा नुसता पांढरा रंग मला फार कोरा वाटतो. त्यात मातकट छटा कशी आणावी? ज्या कुंड्यांत झाडे आधीच वाढली आहेत त्यांच्यावर हे काम झाड न काढता करता येईल का, आणि चुन्याचा झाडांना त्रास होतो का? शिवाय, रंगाने हिरवट झाक देण्याऐवजी खरे शेवाळ धरवता येते का?

चुनखडी

चुन्यात रंग घालायचा तर तो खनिज असला पाहिजे. गेरू, पिवडी, तपकिरी अंबर माती आणि काळा लोहऑक्साइड हे चुन्याच्या तीव्रतेला टिकून राहतात. पुष्कळसे सेंद्रिय रंग त्यात विटतात. भुकटी आधी थोड्या पाण्यात घोटून मगच चुन्यात घालावी, नाहीतर तिच्या गुठळ्या ब्रशखाली फुटून रेघा उमटतात. तिचे प्रमाण चुन्याच्या वजनाच्या दहाव्या भागापुढे जाऊ देऊ नये, कारण त्यापुढे चुन्याची पकड कमी होते. ओला असताना हा रंग वाळल्यानंतरच्या छटेपेक्षा पुष्कळ गडद दिसतो, त्यामुळे एखाद्या फुटक्या खापरावर लावून, पूर्ण वाळवून पाहिल्याशिवाय छटा ठरवू नये. मी स्वतः पिवडीची अगदी थोडी झाक असलेला चुना खाली देतो, वरचा हात कोरा देतो आणि तो वाळत आल्यावर, पण घट्ट होण्याआधी, उन्हाकडच्या बाजूने ओल्या कापडाने अर्धामुर्धा पुसून काढतो. अशा पुसण्याने खालची पिवळसर छटा आणि तिच्याखालची माती अशी दोन्ही ठिकठिकाणी दिसू लागतात.

झाड न काढता काम करता येते. कुंडीला आधीच ओल असतेच, त्यामुळे ती वेगळी भिजवावी लागत नाही. फक्त लोणा आणि शेवाळ ताठ ब्रशने घासून काढावे आणि वरची माती प्लॅस्टिकने झाकून घ्यावी, म्हणजे चुन्याचे थेंब तिच्यात पडणार नाहीत. बाहेरच्या अंगावरच्या चुन्याने सर्वसाधारण झाडांना त्रास होत नाही. अझेलिया, कॅमेलिया, ब्लूबेरी यांसारख्या आम्लधर्मी माती लागणाऱ्या झाडांच्या कुंड्या मात्र मी चुन्यापासून दूरच ठेवीन. कोणत्याही कुंडीच्या आतल्या अंगाला चुना लावू नये, आणि बुडाचे भोक चुन्याने वा वाळूने बुजले नाही ना, हे काडी घालून पाहावे.

चुना नको असेल त्यांच्यासाठी सिलिकेट रंग हा आणखी एक पर्याय आहे. जर्मनीतील आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. हा रंगही पापुद्रा न धरता खनिज पृष्ठभागाशी रासायनिक रीतीने जोडला जातो आणि वाफेला वाट देतो. तो चुन्यापेक्षा जास्त टिकतो, पण एकदा धरला की पुसून झिजवता येत नाही. म्हणून जुनेपणाची जी काही घासपूस करायची ती लगोलग करावी लागते.

परसबाग

शेवाळाबाबत : ते धरवता येते, पण सक्तीने नव्हे. त्याला सच्छिद्र पृष्ठभाग, सावली आणि न खंडणारी ओल लागते. कुंडीला ताक किंवा दही फासण्याचा उपाय पुष्कळ सांगितला जातो. त्याने बहुतेक वेळा आधी बुरशी येते आणि काही दिवस वासही राहतो. त्यापेक्षा दगडावरचे किंवा भिंतीवरचे शेवाळ चुरून ते पाण्यात कालवावे, न रंगवलेल्या, घासून खरखरीत केलेल्या भागावर लावावे आणि कुंडी सावलीत ठेवून रोज फवारा मारावा. ताज्या चुन्यावर मात्र शेवाळ धरत नाही, त्याच्या तीव्रतेत ते तगत नाही. त्यामुळे हिरवे हवे असेल तर बुडाचा तेवढा पट्टा चुना न लावता मोकळा सोडावा आणि सावलीची बाजू खरोखरच सावलीकडे वळवून ठेवावी.

रंगपोत

घरातल्या कुंड्यांबाबत एक राहिले होते. रंग आतल्या बाजूला काठापासून साधारण दोन-तीन सेंटिमीटर खाली उतरवावा, म्हणजे वरून पाहताना कोऱ्या मातीची कडा दिसणार नाही. काम संपल्यावर कुंडी हाताला कोरडी लागली तरी पोताचा जाड थर आतून ओला असतो, म्हणून आतली कुंडी ठेवण्यापूर्वी ती हवेशीर जागी निदान दोन दिवस उपडी ठेवावी. उपडी ठेवताना काठाखाली दोन पट्ट्या द्याव्यात, नाहीतर ओला रंग जमिनीला चिकटतो आणि उचलताना कंगोऱ्यावरून सुटून येतो.

कुंडीवेडी

ठीक आहे. आधी एका फुटक्या कुंडीच्या खापरांवर पिवडीच्या तीन छटा करून पाहते आणि वाळल्यावर त्यांची छायाचित्रे येथे लावते. वाळूऐवजी संगमरवराची पूड वापरणार आहे, कारण मला पोत बारीकच हवा आहे.

चुनखडी

छायाचित्रे जरूर लावा. त्याच खापरांपैकी एकाची मागची बाजू काही दिवस ओल्या मातीत टेकवून ठेवा; थर आतल्या ओलीला कसा वागतो ते कुंडीला हात लावण्याआधीच कळेल.